ठेवलेला वरंबा

आमच्या घरात माझ्या हुशारीची एक गोष्ट आहे. ती लग्नात सांगतात, बारशात सांगतात. मी वर्कशॉपच्या नोकरीतून मोकळी झाले त्या दिवशी माझ्या धाकट्या भावानं माईक हातात घेऊन ती परत सांगितली. "आमच्या ताईनं बारावीच्या सुट्टीत सूतगिरणीतली परदेशी मशीन एका पान्यानं सरळ केली, मोठे मोठे बघत राहिले." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पदर सावरत खाली बघितलं, तर सगळ्यांना वाटलं, बाई लाजली. कशाची लाजतेय! ती गोष्ट निघाली की मला बसल्या जागी कानकोंडं होतं. तिच्यात खोटं काही नाही, मशीन मीच सरळ केलं. पण सांगणारे तिथंच थांबतात आणि मला पुढची ठाऊक आहे. पन्नाशी उलटली, गुडघे बोलायला लागलेत, म्हणून ती सगळीच्या सगळी एकदा लिहून ठेवते.

आम्ही तेव्हा गिरणीच्या मागच्या भिंतीला लागून असलेल्या दोन खोल्यांत राहायचो. नांदूरघाटला जाणारी एसटी गिरणीच्या फाट्यावर थांबायची आणि तिथून पुढं चालत. सूत कातणाऱ्या चात्यांची घरघर चोवीस तास चालायची. पाहुणे आले की त्यांना तिच्यामुळं झोप लागायची नाही, आणि गिरणीला सुट्टी असली की तिच्यावाचून आम्हाला लागायची नाही. कापसाचे तंतू कुठंही येऊन बसायचे. पाण्याच्या माठावर, देवाच्या फोटोवर, परातीतल्या पिठावर. माझी माय भाकरी थापता थापता मधेच थांबायची, पिठातला एक तंतू चिमटीत धरून वर उचलायची आणि भिंतीकडं बघून ओरडायची, "आरं, माझ्या भाकरीत बी सूत काढायलेत का रं हे लोक!" भिंतीपलीकडं कोण ऐकणार? पण तिला ओरडल्याशिवाय भाकरी गोल यायची नाही. येसराची आमटी मात्र तिच्यासारखी मी अजून कुठं खाल्ली नाही. भाजलेल्या धान्याचा तो वास निघाला की दुपारपाळीचे कामगार आमच्या दारावरून मुद्दाम सावकाश जायचे.

माझे वडील, अण्णा, गिरणीत यायच्या आधी दिंद्रुडकडच्या एका बागायतदाराचा ट्रॅक्टर चालवायचे. सगळी जवानी नांगरटीत गेली. नांगरताना ट्रॅक्टरचं उजवं चाक आधीच्या तासात, म्हणजे नांगरानं पाडलेल्या चरात चालवावं लागतं. त्यामुळं ट्रॅक्टर उजवीकडं कललेला असतो आणि वरचा माणूस दिवसभर डावीकडं अंग देऊन बसतो. अण्णांना ती सवय इतकी लागली होती की ते दारात उभे राहिले तरी एका अंगावर. माय म्हणायची, "सरळ उभं ऱ्हावा की, घर न्हाई नांगरायचं." अण्णा हसायचे. बोलणं कमीच. दिवसभर इंजिनाजवळ बसणाऱ्या माणसाला बोलून उपयोग नसतो, ऐकू कुणाला जाणार, असं ते म्हणायचे.

खुल्या बाजाराचे दिवस सुरू झाले होते. फाट्यावर फोनचं बूथ आलं, पानटपरीवर लाल रंगाच्या थंड बाटल्या आल्या, आणि आमच्या गिरणीला परदेशात सूत विकायचं वेड लागलं. परदेशी पाहुणे येणार म्हणून गेटासमोर गेस्ट हाऊस बांधलं. त्याच्या पुढं भलंमोठं मैदान होतं, त्याला गिरणीच्या विहिरीवरून पाइप टाकून बारमाही पाणी दिलं आणि हिरवंगार गवत केलं. आधी ते बाया विळ्यांनी कापायच्या. मग मॅनेजरसाहेबांना वाटलं, पाहुण्यांसमोर बाया उकिडव्या बसून गवत कापतात हे काही बरं दिसत नाही. त्यांनी कुठून तरी जहाजानं आलेलं एक जुनं मशीन मागवलं. छोटा ट्रॅक्टरच तो, खेळण्यातला वाटावा असा, आणि त्याच्या पोटाखाली दोन्ही बाजूंनी टांगलेलं एक लोखंडी झाकण. त्या झाकणाखाली दोन पाती गरगरा फिरायची. अण्णांनी पहिल्याच दिवशी वाकून बघितलं आणि म्हणाले, "ही तर पालथी परात." तेव्हापासून सगळी गिरणी त्याला परात म्हणायला लागली. ट्रॅक्टर चालवता येतो म्हणून अण्णांनाच त्या मशीनवर बसवलं. गठाणी उचलायच्या हमालीतून सुटले, पाठ वाचली. मायनं मारुतीला नारळ फोडला.

मशीन आलं, बाया बंद झाल्या. त्यातली एक भामाकाकू. भिंतीपासून हाकेच्या अंतरावर धनगरवाडा होता, तिथं राहायची. काकूचा नवरा ऊसतोडीला गेला असताना फडातच तापानं गेला. ती परत आली ते शपथ घेऊनच. पुन्हा कोयता हातात धरणार नाही आणि मंगलला, म्हणजे तिच्या पोरीला, फडाचं तोंड दाखवणार नाही. एक म्हैस ठेवली होती. म्हशीच्या दुधावर दोघींचं पोट आणि मंगलची शाळा. मंगल माझ्याहून लहान, नववीत होती, पण आमची जोडी जमलेली. गणितात ती माझ्या नाकावर टिच्चून पुढं. मी तिला शिकवायला बसायचे आणि तीच मला विचारायची, "ताई, ही पायरी तू गाळलीस कावून?" अशी फटकळ. तिला मास्तरीण व्हायचं होतं, आणि झाली असती तर तिनं पोरांना रडवलं असतं, यात मला शंका नाही.

आता मशीननं गवत कापलं की त्याचा भुगा होतो. त्याला पेट्रोलचा वास, ढीग लावला की आतून गरम होतो. म्हैस तोंड लावत नाही. पण झालं असं की आमची परात काही नीट कापेना. डाव्या बाजूला गवत अगदी बुडापासून जायचं आणि उजव्या बाजूला उंच राहायचं. मशीन एकदा गेलं की मागं एक पट्टा सपाट आणि त्याच्या शेजारी एक उंच ओळ. फेरी मारून परत आलं की पुन्हा तेच. सगळं मैदान सरी-वरंब्यासारखं दिसायचं. साहेब वैतागले. अण्णा म्हणाले, "गवत ऱ्हायलंय साहेब, जुनी मशीन हाय. ऱ्हायलेलं कापायला एखादी बाई लागंल. मजुरी नगं, गवत न्हेईल ती." साहेबांना फुकटात काम होत होतं, ते कशाला नाही म्हणतील? मग रोज सकाळी पाहुणे उठायच्या आत भामाकाकू विळा घेऊन यायची, त्या उंच ओळी कापायची आणि हिरवागार भारा डोक्यावर घेऊन जायची. भर उन्हाळ्यात, आमच्या भागात जनावरांना कडब्याच्या काड्यांवर दिवस काढावे लागायचे तेव्हा, काकूची म्हैस ओल्या गवतावर होती. दर सकाळी ती आमच्या उंबऱ्यावर पेलाभर दूध ठेवायची. माय म्हणायची, "कशाला गं?" काकू म्हणायची, "पोरं खात्यात की." मला वाटायचं, शेजारधर्म.

बारावीची परीक्षा देऊन मी घरी बसले होते. मला बीडच्या आयटीआयला जाऊन मोटार मेकॅनिक व्हायचं होतं. मायला वाटायचं मला भूत लागलं. "पोरीच्या जातीनं गाडीखाली निजायचं?" अण्णा हो म्हणायचे नाहीत, नाहीही म्हणायचे नाहीत. लहानपणापासून त्यांना पाने देत मोठी झाले होते मी. कुठल्या नटाला कुठला पाना हे न बघता हातावर ठेवायची. घरात त्याचं कौतुक व्हायचं, पण त्यापुढं कुणी जायचं नाही. आणि मला त्यापुढं जायचं होतं. फार जायचं होतं. ते खरं दुखणं.

एक दिवस अण्णांचा डबा घेऊन गेले तर गेस्ट हाऊससमोर साहेब उभे. आवाज चढलेला. "नामदेव, येत्या सोमवारी पाहुणे येताहेत. मोठी ऑर्डर आहे. हे मैदान असं उंदरानं कुरतडल्यासारखं दिसलं तर मी माणूस बदलणार. तुला परत गठाणींवर पाठवीन, सांगून ठेवतो." अण्णा मान खाली घालून उभे. एका अंगावर, कललेले. कापसाच्या गठाणी म्हणजे हमाली, म्हणजे ती पाठ पुन्हा. रात्री जेवताना मी विषय काढला. अण्णांनी आमटीत भाकरी कुस्करली आणि म्हणाले, "करू की. त्या दिवशी करू सरळ." माय म्हणाली, "त्या दिवशी कावून? आजच करा की." अण्णा म्हणाले, "आज काय नड हाय?" आणि भाकरी मागितली. मला वाटलं, यांना जमत नाही आणि आपल्याला तसं म्हणवत नाही. कीव आली मला त्यांची. आज ते आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

दुसऱ्या सकाळी मायनं धिरडी घातली. तव्यावर पीठ ओतलं की एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला जळून कागद. ती चुलीवर खेकसली, "मेलीचा दगड खचला." उलथनं खाली ठेवलं, चुलीच्या एका बाजूला खापरीचा तुकडा सारला, तव्यावर तेलाचा थेंब टाकून तो मधेच थांबतो का बघितलं, आणि पुढचं धिरडं सगळीकडून सारखं. मी तशीच उठले. "आगं, खाऊन जा!" ती ओरडली. कुठली थांबतेय मी! अण्णा पेट्रोल आणायला केजला गेले होते. मशीन शेडपुढच्या सिमेंटच्या कोब्यावर उभं होतं. आधी चाकांची हवा बघितली, ती सारखी होती. मग प्लगची वायर काढून ठेवली, परातीखाली हात घातला, पातं आडवं करून जमिनीपासून बोटांनी मोजलं. डावीकडं दोन बोटं. उजवीकडं चार. परात दोन बाजूंच्या दोन दांड्यांवर टांगलेली होती आणि दांडीला वरखाली करायला नट होता. उजवा नट आवळून आवळून वर नेलेला.

आणि मला एकदम कळलं! नांगर! नांगरताना ट्रॅक्टर उजवीकडं कलतो, म्हणून नांगर जमिनीला सरळ बसावा यासाठी त्याची उजवी बाजू उचलून बांधतात. हे मी अण्णांच्याच तोंडून ऐकलं होतं. जन्मभर नांगर बांधलेल्या हातांनी ही परातसुद्धा तशीच बांधली. शेतात ते बरोबर. पण या सपाट मैदानात चाक जाणार कुठल्या तासात? मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसले. अण्णा येईपर्यंत थांबायला काय झालं होतं? सांगा ना, काय झालं होतं मला? घटकाभराचा तर प्रश्न होता. पण साहेब आणि स्टोअरकीपर फेरीवर निघाले होते, माझ्या हातात पाना बघून थांबले, आणि साहेबांनी विचारलं, "तू इथं काय करतेस?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. खाली वाकून त्यांना नट दाखवला, बोटं लावून दाखवली, तास म्हणजे काय ते सांगितलं, जमिनीवर काडीनं चित्र काढलं. मग त्यांच्या देखत उजवा नट सैल करून परात खाली आणली, दोन्हीकडं सारखी केली, आणि पुढची कड मागच्यापेक्षा केसभर खाली ठेवली, म्हणजे पातं एकदाच कापतं, परत घासत नाही. साहेबांना एवढं कुणी कधी समजावून सांगितलं नसावं. ते खूश झाले. तेवढ्यात अण्णा पेट्रोलचा डबा घेऊन आले. स्टोअरकीपर मोठ्यानं हसला. "काय बे नामदेव, गालिच्यावर नांगर धरायलास का? पोरीनं पकडलं तुला!" साहेबही हसले. मीही. अजून नीट दिसतं मला ते. मी पाना हातात धरून म्हणाले, "अण्णा, हितं तास कुठंय?"

अण्णांनी डबा खाली ठेवला. माझ्याकडं बघितलं, नटाकडं बघितलं. मग तेही हसले. "हात वळणावर गेला साहेब," ते म्हणाले, "लई दिवसाची सवय."

सोमवारी पहाटे परात फिरली आणि मैदान खरोखर गालिच्यासारखं झालं. पाहुणे त्यावर अनवाणी चालले म्हणे. ऑर्डर त्या गवतामुळं मिळाली असं काही नाही, पण साहेबांनी पेढे वाटले, आणि मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, पुढं काय करणार? मी आयटीआय म्हणाले. त्यांनी तिथंच फोन उचलला आणि बीडला कुणाशी तरी बोलले. "मुलगी आहे, पण डोकं आहे," असं म्हणाले. मला त्यातल्या "पण"चा रागही आला नाही तेव्हा. मायसुद्धा वरमली. साहेब म्हणतात म्हटल्यावर भूत उतरलं. मी उड्या मारतच धनगरवाड्यात जाऊन मंगलला सांगितलं. ती म्हणाली, "आता तू पायऱ्या गाळू नकोस म्हंजे झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळावर हंडा भरत होते. भामाकाकू नेहमीसारखी विळा आणि दावं घेऊन आली. मैदानाच्या कडेला उभी राहिली. इकडून तिकडं बघितलं. पुन्हा बघितलं. एकसारखं, बोटभर गवत, विळा घालायला जागा नाही. अण्णा मशीन पुसत होते. ती त्यांच्याजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "दाजी, आज वरंबा ठेवला न्हाई?"

हंडा भरून वाहायला लागला. ठेवला न्हाई. "राहिला न्हाई" असं ती म्हणाली नव्हती. साहेबांपुढं अण्णा नेहमी म्हणायचे, गवत राहिलंय. राहतं ते आपोआप राहतं. ठेवायला कुणीतरी लागतं. मला आधी ते पेलाभर दूध आठवलं, मग अण्णांचं "त्या दिवशी करू सरळ", आणि मग "आज काय नड हाय". सगळं एकदम माझ्या अंगावर आलं. त्यांना जमत नव्हतं असं कधीच नव्हतं. ते त्या एका सोमवारपुरतं सरळ करणार होते आणि मंगळवारी परत उजवी बाजू उचलणार होते. अण्णा काकूला म्हणाले, "पाव्हणं हायेत ना भामाबाई. बगू." काकूनं मान हलवली. तिला काहीच माहीत नव्हतं. जाता जाता मला म्हणाली, "तुजं आयटीआयचं झालं म्हनं गं! लई झ्याक झालं. मंगल सांगायली हुती." आणि रिकामं दावं खांद्यावर टाकून गेली.

मी सरळ शेडमध्ये गेले, पाना घेतला आणि परातीखाली हात घातला. अण्णांनी मागून येऊन माझं मनगट धरलं. रागानं नाही धरलं.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले.

"अण्णा, मी परत करते तसं. दोन आटे फिरवले की झालं."

"आता न्हाई व्हत ते."

"कावून न्हाई?"

"आता गवत उंच दिसलं की सायब काय म्हनंल? नट ढिला कर म्हनंल. कुठला नट ते तूच दाखवलंस की त्याला." पाना त्यांनी माझ्या हातातून काढून खिळ्याला अडकवला. "तुजं काय चुकलं न्हाई. तू बराबरच केलंस. जा, हंडा व्हायलाय बघ."

चुकलं न्हाई म्हणाले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, बाई. एक मुस्काटात दिली असती तर मी रडून मोकळी झाले असते. तीस-पस्तीस वर्षं झाली असतील, ते "बराबरच केलंस" मला अजून पचलेलं नाही. चार माणसांत मी त्यांना अडाणी ठरवलं आणि ते अडाणी झाले, हसत, कारण खरं सांगितलं असतं तर भामाकाकूचं नाव आलं असतं आणि कदाचित त्यांची नोकरीही गेली असती. आणि माझी? माझी तर सुरू होत होती.

खरं सांगायचं तर एक वाट होती. मला त्या दिवसांत साहेबांच्या केबिनमध्ये दोनदा जावं लागलं, प्रवेशाच्या कामासाठी. ते माझ्याशी हसून बोलायचे. मी म्हणू शकले असते, "साहेब, भिंतीलगतचा एक तुकडा मशीननं कापू नका, त्या बाईला विळ्यानं नेऊ द्या." एवढं एक वाक्य. मी ते वाटेत घोकायची. दारात चप्पल काढताना पाठ असायचं. आत गेले की साहेब फोन उचलायचे आणि मी प्रवेशाचे कागद पुढं करायचे. वाटायचं, यांना वाईट वाटलं आणि यांनी तो फोन खाली ठेवला तर? दोन्ही वेळा मी "थँक्यू साहेब" म्हणून बाहेर आले. नट फिरवला तेव्हा मला माहीत नव्हतं, असं म्हणता तरी येतं. केबिनमध्ये मला सगळं माहीत होतं.

काकूनं काही दिवस बांधाबांधानं फिरून गवत आणलं. मी तिला मशीनच्या भुग्याचं पोतं नेऊन दिलं, म्हशीनं हुंगून फुर्र केलं. पाऊस त्या वर्षी उशिरा आला आणि आला तोही चार दिवसांचा पाहुणा. म्हैस आटली. आमच्या उंबऱ्यावरचा पेला तरीही काही दिवस येत राहिला, पातळ होत. शेवटी मायनंच हात जोडून बंद करवला. काकूनं केजच्या बाजारात म्हैस विकली त्या दिवशी अण्णा जेवले नाहीत, पोट बिघडलंय म्हणाले. मी तोवर बीडला जायला लागले होते, एसटीनं ये-जा. कोऱ्या खाकी डगल्याला ऑइलचा पहिला डाग पडला तेव्हा मी वर्गात सगळ्यांना दाखवला. संध्याकाळी फाट्यावरून घरी येताना मात्र धनगरवाड्याच्या बाजूनं न येता लांबच्या वाटेनं यायचे. मंगल शाळेत जात नाही हे मला मायकडून कळलं. मी म्हणाले, "बरं नसंल तिला."

खंडेनवमीला गिरणी बंद असायची. आमच्याकडं त्या दिवशी सगळी हत्यारं पुजतात. गिरणीत चात्यांना झेंडूच्या माळा, मोठ्या यंत्रांना नारळ. अण्णा आपलं मशीन विहिरीच्या पाण्यानं धुवायचे, पाने ओळीनं मांडायचे, मायचं उलथनं आणि सुरीसुद्धा आणून ठेवायचे. दरवर्षी भामाकाकू विळा घेऊन यायची आणि परातीजवळ टेकवून म्हणायची, "माजं बी हत्यार घ्या त्यात." त्या वर्षी सगळं मांडून झालं, हळद-कुंकवाचं ताट माझ्या हातात होतं, तेव्हा ती आली. मागं मंगल. काकूनं पदराखालून दोन कोयते काढले. नवे, लोहाराच्या भात्यावरून नुकतेच आणलेले, अजून काळे. मशीनच्या चाकाशी शेजारी शेजारी ठेवले.

आमच्या जिल्ह्यात कोयता म्हणजे नुसतं हत्यार नाही. ऊसतोडीला नवरा-बायको जोडीनं जातात आणि मुकादम त्या जोडीला एक कोयता म्हणून मोजतो. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. अर्ध्याला कुणी टोळीत घेत नाही. काकू अण्णांना म्हणाली, "मुकादम अर्ध्याला न्हाई म्हनला, दाजी. मंगल आली की आमचा एक हुतो." सांगताना ती माझ्याकडं बघत नव्हती आणि बघायचं टाळतही नव्हती. तिला तसं काही कारणच नव्हतं. अण्णा खाली बसले आणि झेंडूची एक माळ, नीटच होती ती, पुन्हा नीट करत राहिले. मग मला म्हणाले, "लाव." मी बोट कुंकवात बुडवलं. आधी मशीनला लावलं, मग पान्यांना, मग पहिल्या कोयत्याला.

दुसऱ्या कोयत्याला लावायच्या आधी मंगलनं तो उचलला. लाकडी मूठ जाड होती. तिची बोटं पलीकडून अंगठ्याला भेटत नव्हती. तिनं दोनदा धरून बघितलं, हातातल्या हातात फिरला तो. मग माझ्यापुढं धरला, अगदी गणिताची वही पुढं करायची तसा.

"ताई, तू आता शिकायलीस ना ह्यातलं," ती म्हणाली, "ह्याची मूठ जरा बारीक करून दे की. हातात बसंना माज्या."

मी ताट खाली ठेवलं. आयटीआयच्या पिशवीतून नवी कानस काढली आणि पायरीवर बसले. मूठ घासली, तिच्या हातात देऊन बघितली, परत घासली. अंगठ्याच्या जागी थोडी खोल केली, बोटांच्या जागी गोल. हाताला फोड येऊ नये म्हणून शेवटी पॉलिश पेपर मारला. मंगलनं कोयता धरला, हवेत एकदा फिरवला आणि हसली.

"आता बसला," ती म्हणाली.

खरंच बसला होता. सगळीकडून सारखी झाली होती मूठ. मी चांगलं काम केलं होतं.